ओव्हरस्पीडचं चलन चुकीचं वाटतंय? 'भरून टाकू' म्हणण्याआधी कायदा काय सांगतो ते पाहा

घाट उतरून गाडी सपाटीला लागते. पुढे झाडाखाली इंटरसेप्टर उभी असते. वाहतूक पोलीस हात दाखवतात, गाडी बाजूला घ्यायला लावतात आणि सांगतात, "साहेब, ९२चा स्पीड आलाय, इथं लिमिट ८० आहे." चालकाच्या मते काटा ७५च्या आसपास होता. त्याला ओव्हरटेक करून गेलेली गाडी मात्र केव्हाच दिसेनाशी झालेली असते. मागच्या सीटवर मुलं कंटाळलेली, पोहोचायला उशीर होतोय. मग 'जाऊ दे, भरून टाकू' म्हणून विषय संपवला जातो.

असे प्रसंग महाराष्ट्रातल्या महामार्गांवर नवे नाहीत. ई-चलनावरची नाराजीही आता फक्त व्हॉट्सॲप ग्रुपपुरती राहिलेली नाही. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी याच मुद्द्यावर संप पुकारला. त्याच महिन्यात, पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून चलन करू नये, अशी सूचना राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने दिली.

पण चलन चुकीचं वाटलं तर नेमकं करायचं काय? पोलिसांना काय सिद्ध करावं लागतं? आणि दंड भरून टाकला की प्रकरण खरंच मिटतं का?

दंड भरला की विषय संपला?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे.

वेगमर्यादा मोडणं हा मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १८३ खालचा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनांसाठी १ ते २ हजार रुपये, तर मध्यम आणि अवजड वाहनांसाठी २ ते ४ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. महाराष्ट्रात सुधारित दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाले.

रस्त्यावर किंवा ॲपवर भरली जाते ती रक्कम म्हणजे कायद्याच्या भाषेत 'तडजोड शुल्क'. कलम २०० नुसार ते भरलं की कोर्टात खटला चालत नाही. पण त्याच कलमात २०१९ मध्ये एक ओळ जोडली गेली, जी फारशी कुणाला माहीत नसते. तडजोड झाली तरी तो गुन्हा 'आधी केलेला गुन्हा' म्हणून मोजला जातो. पुढच्या वेळी ओव्हरस्पीडमध्ये सापडलात तर तो दुसरा गुन्हा ठरतो.

दुसऱ्या गुन्ह्यापासून कलम १८३ थेट लायसन्स जप्तीकडे बोट दाखवतं. कलम २०६(४) नुसार जप्त केलेलं लायसन्स निलंबन किंवा रद्द करण्याच्या कारवाईसाठी परिवहन खात्याकडे पाठवलं जातं. चालकाला त्याची पोचपावती मिळते, पण त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. लायसन्स परत मिळेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असा त्याचा अर्थ.

स्वतःच्या कारमधून महिन्यातून एकदा गावी जाणाऱ्यासाठी ही गैरसोय आहे. कॅब, टेम्पो किंवा ट्रक चालवून घर चालवणाऱ्यासाठी हा रोजगाराचा प्रश्न आहे. त्यामुळे गुन्हा झालाच नाही असं वाटत असेल, तर 'दोन हजारांचा तर प्रश्न आहे' हा हिशेब अपुरा आहे.

पोलिसाने 'वेग जास्त होता' म्हणणं पुरेसं आहे का?

नाही. कलम १८३(३) याबाबत स्पष्ट आहे. एकट्या साक्षीदाराच्या मतावर कुणालाही ओव्हरस्पीडसाठी दोषी ठरवता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने केलेल्या मोजणीवर आधारलेलं असेल, तरच चालतं.

सिग्नल तोडला, हेल्मेट नव्हतं, सीटबेल्ट नव्हता हे डोळ्यांनी दिसतं. वेगाचं तसं नाही. मोठ्या आवाजाची बाइक वेगात वाटते, तर मोठी बंद कार त्याच वेगात संथ वाटते. म्हणून कायद्याने मोजमाप मागितलं आहे.

म्हणजेच थांबवल्यावर विचारायचा पहिला प्रश्न असा: "साहेब, रीडिंग आणि फोटो दाखवता का?" हा उद्धटपणा नाही. गुन्ह्याचा मूळ पुरावाच तो आहे.

मशीनने दाखवलं म्हणजे बरोबरच?

बहुतेक वेळा बरोबर असतं, पण मशीन आपोआप निर्दोष ठरत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७अ जोडला गेला. स्पीड कॅमेरा, स्पीड गन, बॉडी कॅमेरा, डॅशबोर्ड कॅमेरा ही सगळी उपकरणं त्यात येतात. उपकरणाची अचूकता आणि कामकाज तपासलेलं असल्याचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दर वर्षी नूतनीकरण व्हायला हवं, असं हा नियम सांगतो. चलनासोबत गुन्ह्याचं ठिकाण, तारीख, वेळ, नंबरप्लेट दिसणारा फोटो आणि उपकरणाने मोजलेलं माप असावं, असंही त्यात आहे. रडारवर चालणाऱ्या वेगमापक यंत्रांसाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये वैधमापन कायद्याखाली वेगळे नियम आणले. दुकानातल्या वजनकाट्यासारखी या यंत्रांचीही पडताळणी आणि मुद्रांकन व्हावं, हा त्यामागचा विचार.

स्पीड गनमध्ये चूक होते ती बहुधा आकड्याची नसून गाडी ओळखण्याची. लेझर गनचा किरण अरुंद असतो, तरी ३०० मीटरवर तो साधारण मीटरभर पसरतो. रडारचा झोत त्याहून बराच रुंद असतो. शेजारच्या लेनमधून एखादी गाडी पुढे काढत असेल, तर मोजलेला वेग एकीचा आणि थांबवलेली गाडी दुसरी, असं होऊ शकतं.

म्हणून फोटोत किती गाड्या आहेत, निशाणा कोणत्या गाडीवर आहे आणि नंबर स्पष्ट वाचता येतो का, हे पाहणं महत्त्वाचं.

'पोलीस रस्त्याच्या कडेला तिरके उभे होते, म्हणून रीडिंग चुकलं' हा युक्तिवाद मात्र चालकाच्याच अंगाशी येतो. स्थिर गन तिरक्या कोनातून धरली तर वेग प्रत्यक्षापेक्षा थोडा कमीच दिसतो, जास्त नाही.

वेगमर्यादेची पाटी कुठे होती?

कलम ११२(२) नुसार राज्य सरकार एखाद्या भागात कमी वेगमर्यादा ठरवू शकतं. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना हवी आणि योग्य ठिकाणी पाट्याही हव्यात. एक महिन्यापेक्षा जास्त न टिकणाऱ्या तात्पुरत्या निर्बंधाला अधिसूचनेची गरज नसते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात कारना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि घाटात ती बरीच खाली येते. असा बदल जिथे होतो तिथे पाटी ठळक दिसणं गरजेचं असतं. ती झाडाच्या फांद्यांमागे असेल, पडलेली असेल किंवा रस्त्याच्या कामात काढलेली असेल, तर तो विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे. त्याचा पुरावा मात्र लगेच गोळा करावा लागतो. महिन्याभराने तिथे नवी पाटी असू शकते. त्यामुळे परतीच्या प्रवासात गाडी सुरक्षित जागी थांबवून सोबतच्या व्यक्तीने तारीख आणि ठिकाण नोंदलं जाईल असे फोटो काढलेले बरे.

नोटीस उशिरा आली तर?

ओव्हरस्पीडच्या बाबतीत कायद्याने पोलिसांनाही वेळेचं बंधन घातलं आहे. कलम २०९ नुसार कलम १८३ खाली दोषी ठरवायचं असेल तर तीनपैकी एक गोष्ट झालेली असावी लागते:

– गुन्हा घडला त्याच वेळी कारवाई होऊ शकते, अशी समज चालकाला दिलेली असावी
– १४ दिवसांत गुन्ह्याचं स्वरूप, वेळ आणि ठिकाण सांगणारी नोटीस चालकाला किंवा गाडीच्या नोंदणीकृत मालकाला दिलेली किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवलेली असावी
– २८ दिवसांत समन्स बजावलेलं असावं

याशिवाय नियम १६७अ नुसार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नोंदलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची असते आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत त्याची नोंद जपून ठेवायची असते.

इथे एक फरक आहे. पोलिसांनी रस्त्यात थांबवून सांगितलं असेल, तर समज दिली गेली असं मानलं जाण्याची शक्यता जास्त, त्यामुळे १४ दिवसांचा मुद्दा फारसा उपयोगी पडत नाही. कॅमेऱ्याने टिपलेलं, न थांबवता केलेलं आणि दोन महिन्यांनी अचानक कळलेलं चलन असेल, तर तो महत्त्वाचा ठरू शकतो. त्यालाही अपवाद आहेत. पुरेसा प्रयत्न करूनही चालकाचा किंवा मालकाचा पत्ता वेळेत मिळाला नाही, किंवा चालकाच्याच वागण्यामुळे उशीर झाला, असं कोर्टाला पटलं तर ही सवलत मिळत नाही. आरसीवर जुना पत्ता आणि बंद पडलेला मोबाइल नंबर असेल, तर मालकाची बाजू आधीच लंगडी होते.

थांबवल्यावर काय करावं, काय टाळावं?

गणवेशातील पोलिसाने मागितल्यावर लायसन्स दाखवणं बंधनकारक आहे. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवरची कागदपत्रंही कायद्याने चालतात.

शांतपणे काही गोष्टी टिपून घ्याव्यात: वेळ, किलोमीटरचा दगड किंवा जवळचा पूल, रीडिंगचा आकडा, पोलिसांचं नाव आणि बक्कल नंबर, आजूबाजूला असलेल्या गाड्या. डॅशकॅम असेल तर त्याचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी सेव्ह करावं. बरेच डॅशकॅम जागा संपली की जुन्यावरच नवं रेकॉर्ड करतात.

चलन मान्य नसेल तर जागेवर दंड न भरता 'मला हे मान्य नाही, मी तक्रार करणार आहे' एवढं सांगता येतं. कलम २०७ नुसार गाडी ताब्यात घेण्याची कारणं नोंदणी, परवाना, लायसन्स अशा गोष्टींशी जोडलेली आहेत. केवळ ओव्हरस्पीड हे त्यातलं कारण नाही.

आवाज चढवणं, हात धरणं, गाडी तशीच पुढे दामटणं हे मात्र टाळायलाच हवं. पूर्वीचं 'कलम ३५३' आता भारतीय न्याय संहितेत कलम १३२ म्हणून आहे. दोन हजारांच्या चलनावरून सुरू झालेला वाद धक्काबुक्कीपर्यंत गेला, तर सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ल्याचा गुन्हा अंगावर येऊ शकतो.

आणि पावतीशिवाय 'पाचशेत मिटवू' असा प्रस्ताव आला तर? ती लाच आहे. मागणाऱ्याविरुद्ध लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. स्वतःहून 'काहीतरी बघा ना साहेब' म्हणणाराही कायद्याच्या दृष्टीने निर्दोष नसतो.

तक्रार कुठे आणि कशी?

राज्यातल्या चलनांसाठी महाट्रॅफिक ॲप आणि ई-चलनाचं सरकारी संकेतस्थळ आहे. संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले की चलन आणि त्यासोबतचा फोटो दिसतो. तिथेच तक्रार नोंदवण्याची सोयही आहे. आधी फोटो आणि चलन दोन्ही डाउनलोड करून ठेवावं, मग तक्रार करावी.

तक्रारीत भावना कमी आणि तपशील जास्त असावा. 'पोलीस मुद्दाम त्रास देतात' या वाक्याने काही साध्य होत नाही. 'फोटोत दोन वाहनं आहेत, मोजलेला वेग कोणत्या वाहनाचा हे स्पष्ट होत नाही, उपकरणाचं चालू वर्षाचं प्रमाणपत्र मिळावं' अशा वाक्याला उत्तर द्यावं लागतं.

त्या उपकरणाचं प्रमाणपत्र आणि त्या ठिकाणच्या वेगमर्यादेची अधिसूचना माहिती अधिकारातही मागता येते. अर्जाचं शुल्क १० रुपये आणि उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवस. हरकत घेण्याची मुदत मात्र या उत्तरासाठी थांबत नाही. चलनावर छापलेली तारीख पाहूनच पावलं टाकावीत.

गाडी दुसऱ्या शहरात असताना चलन आलं असेल, तर नंबरप्लेटची नक्कल झाल्याची शक्यता असते. अशा वेळी फास्टॅगच्या नोंदी, पार्किंगची पावती, सर्व्हिस सेंटरचं बिल हे भक्कम पुरावे ठरतात. पोलीस ठाण्यात वेगळी तक्रारही द्यावी, कारण त्याच नंबरवर उद्या चलनापेक्षा गंभीर काहीतरी नोंदलं जाऊ शकतं. गाडी दुसरं कुणी चालवत असेल, तर विचारणा झाल्यावर कलम १३३ नुसार मालकाला त्या चालकाची माहिती द्यावी लागते.

प्रकरण कोर्टात गेलं तर?

तक्रार फेटाळली गेली म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही. दोषी ठरवण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांचा असतो. प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात गेलं, तर ऑनलाइन दोन पर्याय दिसतात: दंड भरणं किंवा खटला लढवणं. लढवण्याचा पर्याय निवडला की प्रकरण नेहमीच्या कोर्टाकडे जातं.

तिथे गुन्हा नाकबूल केल्यावर पुरावा देण्याची जबाबदारी पोलिसांची. उपकरणाचं रीडिंग, फोटो आणि ते हाताळणाऱ्या पोलिसाची साक्ष लागू शकते. डिजिटल पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. वकील लावणं सक्तीचं नाही, आरोपी स्वतः बाजू मांडू शकतो.

पण हा मार्ग फुकटचा नाही. तारखा पडतात, रजा जाते, सातारच्या चलनासाठी ठाण्याहून जावं लागतं. रोजंदारीवर गाडी चालवणाऱ्याचा एक दिवस दंडापेक्षा महाग पडू शकतो. पुरावा द्यायचा पोलिसांनी, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात दंड भरायला दोन मिनिटं लागतात आणि नाकारायला काही महिने. ई-चलनावरच्या नाराजीचं मूळ बऱ्याच अंशी या तफावतीत आहे.

कोणती कारणं टिकत नाहीत?

'सगळेच त्या वेगात होते', 'रस्ता रिकामा होता', 'घरात आजारी माणूस होता पण कागद नाही' यांनी गुन्हा नाहीसा होत नाही. फार तर कोर्ट दंडाच्या रकमेबाबत विचार करेल.

दोन टोलनाक्यांमधली वेळ दाखवून 'माझा सरासरी वेग ६० होता' हेही पुरेसं नाही. चहाला पंधरा मिनिटं थांबलेल्या गाडीचा सरासरी वेग कमीच येतो, मधल्या एखाद्या टप्प्यावर ती ९२ने धावलेली असू शकते.

लोकअदालतीत 'माफी' मिळते का?

दर काही महिन्यांनी 'लोकअदालतीत चलन माफ' असे मेसेज फिरतात. लोकअदालत हे तडजोडीचं व्यासपीठ आहे. तिथे रक्कम कमी होऊ शकते, पण मशीन चुकलं की चालक, याचा निवाडा होत नाही. शिवाय लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. ज्याला आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायचंय, त्याने तिथे सही करण्याआधी विचार करावा.

व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल आली तर ती उघडू नये. या नावाखाली मोबाइलचा ताबा घेऊन बँक खाती रिकामी केल्याचे प्रकार घडले आहेत. चलन खरं आहे का, हे फक्त सरकारी ॲपवर किंवा संकेतस्थळावर स्वतः जाऊन पाहावं.

मग वेगाचं काय?

चुकीचं चलन नाकारणं आणि वेगाचं समर्थन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा जीव गेला. त्यातले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या नोंदीखाली आहेत. महाराष्ट्राचा आकडा १५ हजारांच्या वर होता. ७५ आणि ९२ मधला फरक किरकोळ वाटतो, पण ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबायला ९२च्या वेगात साधारण दीडपट अंतर लागतं.

म्हणूनच वेगावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेवर लोकांचा विश्वास असणं गरजेचं आहे. प्रत्येक चलनासोबत उपकरणाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आणि वैधतेची तारीख छापली, तर अर्धे वाद तिथेच संपतील. चलन बरोबर असेल तर चालकाला ते कळेल, चुकीचं असेल तर दाखवता येईल. तोपर्यंत चालकाने करायच्या गोष्टी मोजक्या आहेत: आरसीवरचा पत्ता आणि मोबाइल नंबर अद्ययावत ठेवणं, चलन आल्या दिवशीच फोटो उघडून पाहणं, आणि तो नीट पाहून झाल्यावरच भरायचं की नाकारायचं हे ठरवणं.